आधी वही, मग संगणक: गॅमा-किरण स्फोटाच्या उत्तरदीप्तीचं मॉडेल कसं बांधायचं

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या गच्चीवर दूध आटवायची तयारी चालली होती. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी उपग्रहाने एक गॅमा-किरण स्फोट टिपला. त्याचं नाव जीआरबी २२१००९ए, आणि आजवर नोंदलेल्या अशा स्फोटांत तो सर्वांत तेजस्वी. प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षं वाटेवर होता. पुढे कधीतरी मी त्याची वेळ आणि आकाशातली जागा घेऊन हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की त्या क्षणी तो ठाण्याच्या खमध्यापासून दोन-तीन अंशांतच होता. श्रवण ताऱ्याच्या उत्तरेला, शर तारकासमूहात, आमच्या अगदी डोक्यावर. आम्ही पूर्वेला चंद्र वर येताना पाहत होतो.

स्फोटाचा मुख्य भाग काही मिनिटांत संपला. त्यानंतर क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरींत जे तेज आठवडे-महिने रेंगाळत राहतं, ती उत्तरदीप्ती. पहिली उत्तरदीप्ती बेप्पोसॅक्स उपग्रहाने २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर पकडली. वर्षभरात, १९९८ मध्ये, सारी, पिरान आणि रमेश नारायण यांनी तिच्या वर्णपटाचं असं साधं गणित मांडलं की आजही कुठलंही मॉडेल तिथूनच सुरू होतं. हा लेख ते गणित स्वतःच्या हाताने कसं करायचं याबद्दल आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते माझ्याकडे शनिवारी येणारे एमएस्सीचे विद्यार्थी आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारे, पायथॉन येणारे, पण भौतिकशास्त्र मागे राहून गेलेले मित्र.

एक अट आधीच सांगतो. संगणकाला हात लावण्यापूर्वी दोन पानं वहीत लिहायची. तयार प्रोग्राम कुठल्याही बिंदूंतून वक्र काढून देतो. तो वक्र कशामुळे तसा वाकला हे वहीतच कळतं.

चित्र डोळ्यांसमोर आणा

एखादा अवजड तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतात, आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एक अरुंद झोत बाहेर पडतो. तो भोवतालच्या विरळ वायूत घुसतो, वायू गोळा करत जातो आणि मंदावतो. पुढच्या टोकाला धक्कालाट तयार होते. तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेला पोचतात, चुंबकीय क्षेत्रही वाढतं, आणि त्या क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात.

प्राचलं, म्हणजे मॉडेलला द्यायच्या किमती, मोजून पाच. झोताची ऊर्जा (सर्व दिशांना सारखी पसरली असं धरून), भोवतालची घनता, धक्कालाटेच्या ऊर्जेतला इलेक्ट्रॉनांचा वाटा, चुंबकीय क्षेत्राचा वाटा, आणि इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-वाटपाचा घातांक पी. उदाहरणासाठी या किमती घेऊ: ऊर्जा १०^५२ अर्ग, घनता दर घन सेंटिमीटरला १ कण, इलेक्ट्रॉनांचा वाटा ०.१, चुंबकीय वाटा ०.०१, पी २.५, अंतर १०^२८ सेंटिमीटर. ताम्रसृतीचे (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे सरकतो त्याचे) गुणक तूर्त बाजूला ठेवू. कच्च्या हिशेबात ते आणले की गोंधळ वाढतो. नंतर संगणक ते सांभाळेल.

वेळ आक्रसते ती कशी

विद्यार्थी सर्वांत जास्त इथे अडखळतात, म्हणून थोडं थांबू.

समजा ठाण्याहून वाशीकडे ट्रान्स-हार्बरची गाडी निघाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, प्रत्येक स्टेशनावरून गाडीतला एकेक निरोप्या उतरून वाशीकडे पळत सुटतो, आणि तो गाडीहून अगदी किंचितच वेगवान आहे. ऐरोलीचा निरोप्या वाशीला पोचतो तोवर गाडीही जवळजवळ तिथेच आलेली असते. त्यामुळे घणसोलीचा निरोप्या त्याच्या पाठोपाठ लगेच येतो. गाडीचा प्रवास अर्ध्या तासाचा असला तरी वाशीला उभ्या माणसाला सगळे निरोप काही सेकंदांच्या अंतराने मिळतात. इथे गाडी म्हणजे धक्कालाट आणि निरोप्या म्हणजे प्रकाश. त्यांच्या वेगांतला फरक लोरेन्ट्झ गुणांक सांगतो. गुणांक जितका मोठा, तितका फरक कमी.

म्हणून आपल्याला दिसणारा काळ म्हणजे त्रिज्या भागिले (४ × लोरेन्ट्झ गुणांकाचा वर्ग × प्रकाशवेग). हे समीकरण वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीत ऊर्जेची अक्षय्यता येते: गोळा केलेल्या वायूचं वस्तुमान गुणिले लोरेन्ट्झ गुणांकाचा वर्ग ही राशी स्थिर राहते. वायू सगळीकडे सारख्या घनतेचा असेल, तर वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढतं. दोन्ही ओळी जोडल्या की त्रिज्या काळाच्या १/४ घाताने वाढते आणि लोरेन्ट्झ गुणांक काळाच्या −३/८ घाताने घटतो. हे स्वतः सोडवून पाहा, पाच मिनिटं लागतील.

आपल्या किमती घातल्या तर एक दिवसानंतर त्रिज्या सुमारे ३.९ × १०^१७ सेंटिमीटर येते आणि लोरेन्ट्झ गुणांक ६.१. त्रिज्या चांगली पाच प्रकाश-महिन्यांची झाली, आणि आपल्या घड्याळात एकच दिवस गेला.

एका इलेक्ट्रॉनपासून वर्णपटापर्यंत

आता चुंबकीय क्षेत्र. वरच्या किमतींत ते पाव गाऊसच्या जरासं खाली येतं, ०.२४. ठाण्यात होकायंत्राची सुई वळवणारं पृथ्वीचं क्षेत्र याहून जास्त आहे. हा आकडा मला फार आवडतो, कारण इतक्या साध्या क्षेत्रातून विश्वाच्या पलीकडच्या टोकाला दिसणारा प्रकाश तयार होतो. किमया इलेक्ट्रॉनांच्या वेगाची आहे. त्यांचा किमान लोरेन्ट्झ गुणांक काढायला इलेक्ट्रॉनांचा वाटा (०.१), (पी − २)/(पी − १) म्हणजे १/३, प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांचं गुणोत्तर १८३६ आणि धक्कालाटेचा ६.१ यांचा गुणाकार करा. उत्तर सुमारे ३७३.

गाऊसमागे इलेक्ट्रॉनाची फेरीची वारंवारता २८ लाख हर्ट्झ असते. तिला ०.२४ ने, ३७३ च्या वर्गाने आणि शेवटी ६.१ ने गुणा. ५.७ × १०^११ हर्ट्झ मिळतात. ही लाक्षणिक वारंवारता, वर्णपटाचं शिखर. हा गुणाकार कॅल्क्युलेटरवर एकदा तरी करा. त्यानंतर ही राशी पाठ्यपुस्तकातली उरत नाही.

दुसरी महत्त्वाची वारंवारता शीतलनाची. तिच्या वरचा प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन इतके झपाट्याने ऊर्जा गमावतात की उपलब्ध काळात ते थंड होऊन गेलेले असतात. आपल्या उदाहरणात एक दिवसानंतर ती २.७ × १०^१५ हर्ट्झ, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या वर आणि क्ष-किरणांच्या बरीच खाली. तिसरी वारंवारता स्वशोषणाची. तिच्या खाली धक्कालाट स्वतःचाच प्रकाश गिळते. ती इथे सुमारे ५ × १०^९ हर्ट्झ येते, आणि घनता एकसारखी असली तर काळाप्रमाणे बदलत नाही.

आता लॉग-लॉग आलेखावर चार सरळ रेघा काढा. स्वशोषणाखाली फ्लक्स, म्हणजे त्या वारंवारतेला आपल्यापर्यंत पोचणारं तेज, वारंवारतेच्या वर्गाने चढतो. तिथून शिखरापर्यंत १/३ घाताने. शिखरापासून शीतलनापर्यंत −(पी − १)/२ घाताने, म्हणजे −०.७५. त्यापुढे −पी/२, म्हणजे −१.२५. शिखराची उंची ११ मिलिजान्स्की (जान्स्की हे फ्लक्सचं एकक). त्रिज्येच्या गोलात सामावलेले २.५ × १०^५३ इलेक्ट्रॉन आणि प्रत्येकाची चमक यांवरून ती निघते.

या एका आकृतीवरून तिन्ही दुर्बिणींना काय दिसेल ते सांगता येतं. दृश्य प्रकाशाची वारंवारता ४.७ × १०^१४ धरा. ती शिखरापासून ८२४ पट वर आहे. ८२४ चा −०.७५ वा घात ०.००६५, म्हणजे फ्लक्स सुमारे ७१ मायक्रोजान्स्की. खगोलशास्त्रात तेज ‘प्रती’त मोजतात, आकडा मोठा तितकं तेज कमी. एबी पद्धतीने प्रत म्हणजे २३.९ उणे २.५ × लॉग ७१, साधारण १९.३. लडाखमध्ये हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई मिळून चालवत असलेल्या ७० सेंटिमीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीला एवढं तेज सहज मोजता येतं. क्ष-किरणांत १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ०.०७ मायक्रोजान्स्की येतात. आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या १.४ गिगाहर्ट्झला स्वशोषणामुळे जेमतेम ०.२ मिलिजान्स्की उरतात. माळशेज घाटातून जाताना त्या ४५ मीटरच्या तबकड्या पाहून या, जमलं तर. आपण कागदावर काढलेली वर्गाने चढणारी रेघ मोजणारी वस्तू केवढी असते, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता ही आकृती काळात सरकवा

एकसारख्या घनतेत शिखराची उंची तीच राहते. लाक्षणिक वारंवारता काळाच्या −३/२ घाताने घसरते, शीतलनाची −१/२ घाताने. बाकी सगळं यातूनच येतं. शिखर दृश्य प्रकाशातून कधी गेलं असेल? ८२४ चा २/३ वा घात ८८, आणि एका दिवसाला ८८ ने भागलं की साधारण १६ मिनिटं. तेव्हा प्रत १३.८ असायला हवी. पुढे दृश्य प्रकाश काळाच्या −३(पी − १)/४ घाताने उतरतो, म्हणजे −१.१२५. क्ष-किरण शीतलनाच्या वर असल्याने −(३पी − २)/४, म्हणजे −१.३७५ ने.

भोवताली ताऱ्याचा स्वतःचाच वारा पसरलेला असेल, तर घनता अंतराच्या वर्गाने घटते आणि हिशेब बदलतो. शिखराची उंची काळाच्या −१/२ घाताने उतरते, शीतलनाची वारंवारता खाली येण्याऐवजी वर जाते, आणि दृश्य प्रकाशाचा उतार −(३पी − १)/४ होतो. शीतलनाच्या वर मात्र दोन्ही बाबतींत उतार सारखाच. म्हणून नुसत्या क्ष-किरणांवरून भोवताल कसा होता हे कोणी ठामपणे सांगू लागलं, तर थांबवून विचारा.

मोजमापं हातात घेताना

स्विफ्ट उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीचे प्रकाशवक्र लेस्टर विद्यापीठातलं केंद्र सर्वांसाठी खुले ठेवतं. दृश्य आणि रेडिओची मोजमापं जीसीएनच्या, म्हणजे अशा स्फोटांच्या बातम्या खगोलशास्त्रज्ञांना कळवणाऱ्या जाळ्याच्या, परिपत्रकांत मिळतात. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या उजळलेल्या आणि चार महिने ढगाळ आकाशाखाली राहणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मोजमापं घेतली आणि लगेच आलेख काढला असं करू नका. पहिली चूक शून्यवेळेची होते. जीआरबी २२१००९ए फर्मीने जागतिक वेळेनुसार १३:१६:५९ ला पाहिला. स्विफ्टला तो दिसला १४:१०:१७ ला, ५३ मिनिटांनी, आणि सुरुवातीला तो आपल्याच आकाशगंगेतला काही प्रकार असावा असं वाटलं होतं. समजा खरा उतार १.१२५ आहे आणि तुमच्याकडे फर्मीच्या वेळेपासून दीड तास आणि तीन तास असे दोन बिंदू आहेत. शून्यवेळ स्विफ्टची धरली, तर तेच बिंदू ३७ मिनिटं आणि २ तास ७ मिनिटांवर जातात आणि उतार ०.६३ भासतो. मग माणूस ‘ऊर्जा आतून मिळत राहिली असणार’ अशी स्पष्टीकरणं शोधत बसतो, आणि शोधण्यासारखं तिथे काहीच नसतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, आणि दोन आठवडे घालवले आहेत. क्ष-किरणांच्या तक्त्यात फोटॉन-घातांक दिलेला असतो. आपल्या समीकरणांतला बीटा, म्हणजे फ्लक्सचा वारंवारतेनुसार उतार, त्याहून १ ने कमी असतो. मी तसाच घातला आणि पी ४ च्या पुढे गेला. पी साधारण २ ते ३ च्या बाहेर पडला, की आधी ही वजाबाकी तपासा.

तिसरी गोष्ट धुळीची. हा कोजागिरीचा स्फोट आकाशगंगेच्या प्रतलापासून जेमतेम ४ अंशांवर होता, आणि आपल्याच आकाशगंगेच्या धुळीने दृश्य प्रकाशात चारेक प्रती खाल्ल्या. चार प्रती म्हणजे फ्लक्स जवळपास ४० पट कमी. स्फोट ज्या दीर्घिकेत झाला त्या यजमान दीर्घिकेची धूळ वेगळी. वेगवेगळ्या परिपत्रकांतल्या प्रती एबी पद्धतीच्या आहेत की व्हेगा (अभिजित तारा प्रमाण मानणाऱ्या) पद्धतीच्या, हेही पाहा, आणि शेवटी सगळं एकाच एककात, मिलिजान्स्कीत आणा.

घातांक जुळतात का

काळाचा उतार अल्फा, वारंवारतेचा उतार बीटा, दोन्ही धन धरू. एकसारखी घनता आणि शीतलनाच्या खाली: अल्फा = १.५ × बीटा. ताऱ्याचा वारा आणि शीतलनाच्या खाली: अल्फा = १.५ × बीटा + ०.५. शीतलनाच्या वर, दोन्हींत: अल्फा = १.५ × बीटा − ०.५.

दृश्य प्रकाशात बीटा ०.७५ आणि अल्फा १.१२ आला, तर भोवताल एकसारखा. त्याच बीटाला अल्फा १.६ आला, तर वारा. क्ष-किरण दृश्य प्रकाशापेक्षा पाव घातांकाने जास्त वेगाने उतरत असतील तर एकसारखी घनता, पावाने सावकाश उतरत असतील तर वारा. चुकांच्या मर्यादेत काहीच जुळत नसेल तर ती खरी बातमी आहे. मध्येच ऊर्जा मिळत असेल, उलटी धक्कालाट झोतात मागे शिरून सुरुवातीला चमक देत असेल, किंवा इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉनचेच फोटॉन उंच ऊर्जेला ढकलत असतील. जीआरबी १९०११४सी मध्ये मॅजिक दुर्बिणींनी असे टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन पाहिले आहेत. ही ढकलाढकल जोरात असेल तर शीतलनाची वारंवारता खाली येते, त्यामुळे ती विसरून चालत नाही.

झोताची कड

लोरेन्ट्झ गुणांक मोठा असतो तोवर आपल्याला झोताचा मधला लहान तुकडाच दिसतो, गुणांकाच्या व्यस्ताएवढ्या कोनाचा. गुणांक घटत जातो तसा तो तुकडा रुंदावतो. झोताची कड दिसू लागली की उतार एकदम तीव्र होतो, −पी च्या जवळ. ०.१ रेडियन, म्हणजे पावणेसहा अंशांच्या झोतासाठी गुणांक १० ला आला की हे घडतं. आपल्या उदाहरणात ती वेळ सुमारे ६.४ तास. त्यावरून ऊर्जेचा खरा आकडा निघतो. इतका अरुंद झोत असेल तर १०^५२ अर्गची प्रत्यक्ष ऊर्जा त्याच्या ०.००५ पट, ५ × १०^४९.

हा मोड क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशात एकाच वेळी आला तरच त्याला झोताची कड म्हणा. एकाच पट्ट्यात आला असेल तर बहुधा शीतलनाची वारंवारता तिथून गेली आहे. आणि सगळ्याच झोतांना धारदार कड नसते. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणानंतर जीआरबी १७०८१७ए ची उत्तरदीप्ती मंदावण्याऐवजी पाचेक महिने वाढतच गेली, कारण आपण झोताकडे बाजूने पाहत होतो आणि त्याचा मधला तेजस्वी भाग हळूहळू दृष्टीत आला. २२१००९ए च्या बाबतीतही कडेकडे विरळ होत जाणारा झोत मानावा लागला.

मग संगणक

इथपर्यंत वहीत सगळं असेल, तर आफ्टरग्लोपाय हे पायथॉनचं खुलं साधन घ्या. सेकंदांत वेळ, हर्ट्झमध्ये वारंवारता, झोताचा आकार, पाहण्याचा कोन आणि वरची प्राचलं दिली की मिलिजान्स्कीत फ्लक्स मिळतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपात ते स्वशोषण आणि ताऱ्याचा वारा धरत नाही, त्यामुळे कमी वारंवारतेचे रेडिओ बिंदू त्यात डोळे झाकून घालू नका. पहिल्यांदा आपलंच उदाहरण चालवून ७१ मायक्रोजान्स्कीच्या आसपास उत्तर येतं का ते बघा. दोन-तीन पटींचा फरक चालेल, आपण कडा सरळ धरल्या आहेत. शंभर पटींचा आला तर एकक चुकलं आहे.

प्राचलं शोधायला मार्कोव्ह-साखळी माँटे कार्लो पद्धत वापरतात, म्हणजे किमती यादृच्छिकपणे थोड्या थोड्या बदलत मोजमापांशी जुळणाऱ्या किमती शोधायच्या. ऊर्जा, घनता आणि दोन्ही वाटे यांचे लॉग घेऊन शोधा, सरळ किमती नको, कारण ती दहाच्या कितीतरी पटींत पसरलेली असतात. साखळ्या वेगवेगळ्या जागांवरून सुरू करा. साध्या लॅपटॉपवर रात्रभर लागते, हरकत नाही.

उत्तर आलं की त्याच्या दोन दशांश स्थळांवर विश्वास ठेवण्याआधी एक गोष्ट आठवा. सगळे इलेक्ट्रॉन प्रवेगित होतात असं आपण गृहीत धरलंय. त्यांतला काही अंशच होत असेल, तर ऊर्जा आणि घनता त्या अंशाने भागा, दोन्ही वाटे त्या अंशाने गुणा. प्रकाशवक्र जसाच्या तसा राहतो. अंश १ असो की ०.१, मोजमापांना फरक कळत नाही. त्यामुळे घनता ‘०.३’ आली असं लिहिताना शेजारी हे गृहीतकही लिहायला हवं. मी विद्यार्थ्यांना तक्त्याच्या वरच लिहायला लावतो, तळटीपेत नाही.

आणि साखळी चालवण्याआधी, ज्या पट्ट्यात अजून मोजमाप नाही, तिथलं भाकीत वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आपल्याच उदाहरणात १० गिगाहर्ट्झ घ्या. झोताला कड नसेल तर शिखर तिथे १५ व्या दिवशी पोचतं, ११ मिलिजान्स्कीला. ६.४ तासांना कड दिसून गेली असेल, तर त्यानंतर लाक्षणिक वारंवारता काळाच्या वर्गाने आणि शिखराची उंची काळाच्या प्रमाणात घसरते. मग शिखर पाचव्या-सहाव्या दिवशीच येतं आणि फक्त ०.५ मिलिजान्स्कीचं असतं. दोन्हींत २० पटींचा फरक आहे. सहाव्या दिवशीचा एक रेडिओ बिंदू मिळाला, की यातलं एक पान वहीतून खोडता येतं.